माफ करायचं म्हणजे विहिरीचं पाणी सोडायचं का?

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचा आहे, वय 43. पत्र चार पानी आहे, पण मजकूर थोडक्यात असा: वडील गेल्यावर दोघा भावांत तोंडी वाटणी झाली. थोरल्याने, म्हणजे नानाने, रस्त्याकडचा तुकडा घेतला. विहीर सामाईक राहिली. पाण्याची पाळी ठरली, पण पाळली गेली नाही. गेल्या जूनमधल्या वादळात यांची कापणीला आलेली तीन हजार खोडं आडवी झाली, बांधापलीकडची नानाची बाग उभी राहिली. नाना बघायलाही आला नाही. तेव्हापासून यांची झोप उडाली आहे. बायको म्हणते, सोडून द्या. सप्ताहातले महाराज म्हणतात, क्षमा करा. भाच्याने मोबाईलवर पाठवलं की रोज तीन चांगल्या गोष्टी लिहून काढा. शेवटी ते विचारतात: "पडलेल्या बागेबद्दल कुणाचे आभार मानू? आणि माफ करायचं म्हणजे विहिरीचं पाणी सोडायचं का?"

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात देता येतं. नाही.

जळगावात समुपदेशनाचं काम करतोय त्याला 24 वर्षं झाली. वाटणी, बांध, विहीर, आजारी बापाचं औषधपाणी कोणी केलं आणि कोणी नाही, यावरून बोलणं तुटलेली किती घरं माझ्यासमोर येऊन बसली, ते मोजलेलं नाही. त्यातल्या बहुतेकांची अडचण तुमच्यासारखीच असते. माफ केलं म्हणजे हक्कसोड पत्रावर अंगठा उठवला, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. आणि त्यात त्यांची फार चूक आहे असंही नाही. 'जाऊ द्या, आपलाच भाऊ आहे' हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यातले बरेचसे ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याच्याच बाजूचे होते.

म्हणून आधी कागदाचं बोलू. वाटणी तोंडी आणि सातबारा अजून सामाईक असेल, तर तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे. वाटणीपत्र करून घ्या, त्यात विहिरीतला हिस्सा आणि पाण्याची पाळी वार-तासासकट लिहून घ्या, सातबाऱ्यावर इतर हक्कांत तशी नोंद लावून घ्या. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका. नाना बसायला तयार नसेल तर दावा लावा. दावा चालू असताना समेट झाला आणि तो लोकअदालतीत नोंदवला, तर त्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. बाकी तपशील वकिलाला विचारा. माझ्या कामातला अनुभव एवढाच, की ज्याचा हिस्सा कागदावर आला त्याचं मन लवकर नरमतं. मोटार कुणी बंद केली हे बघायला ज्याला रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागतं, त्याला क्षमेचं प्रवचन देणं मला जरा निर्दयपणाचं वाटतं.

मागणी आणि माफी एकाच माणसाच्या पोटात राहू शकतात, हे मी घरीच पाहिलं आहे. आमचं गाव धुळे जिल्ह्यातलं. ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी चार महिन्यांच्या बोलीवर माझ्या काकांनी आईच्या पाटल्या नेल्या, गहाण टाकल्या, आणि त्या सुटल्याच नाहीत. बाबा आणि काका नऊ वर्षं बोलले नाहीत. कानबाई मात्र आमच्याच घरी बसायची, श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी, तिच्या सणाला पांगलेलं सगळं कूळ गोळा होतं, आणि रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे गहू आमच्यात माणसागणिक मुठीने मोजतात. आई सुपातून मूठ भरायची, नाव घ्यायची आणि पितळी परातीत टाकायची. आजोबांची, बाबांची, माझी. मग काकांची. मग काकांच्या दोन्ही पोरांची. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. एकदा राहवलं नाही, म्हणालो, त्यांची कशाला? ते येणार पण नाहीत. तिने हात थांबवला नाही. "मूठ कुळनी शे," म्हणाली, "त्यानी नही."

इथे थांबलो तर छान कीर्तन होईल. पण याच आईने त्या नऊ वर्षांत काकांना पुन्हा एक रुपया उसना दिला नाही, आणि दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काकूच्या हाती न चुकता निरोप जायचा, 'पाटल्यांचं काय झालं?' आणि फार पुढे, म्हातारपणी, तिने हसत हसत मला आणखी एक सांगितलं. पहिली काही वर्षं काकांची मूठ ती मुद्दाम सैल भरायची. बोटांतून दाणे परत सुपात गळू द्यायची. ती कधीपासून घट्ट भरायला लागली, ते तिलाच आठवत नव्हतं.

एक पाटली परत आली. दुसरी नाही आली.

एव्हरेट वर्थिंग्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी क्षमेचे दोन भाग केले आहेत. एक निर्णयाची क्षमा: सूड घ्यायचा नाही, या माणसाशी माणसासारखं वागायचं, एवढं ठरवणं. दुसरी भावनेची: आतली जळजळ खरोखर कमी होणं. पहिली एका दिवसात करता येते. दुसरी आपल्या गतीने येते. हे वाचलं तेव्हा मला आईची सैल मूठ आठवली. मूठ घालायचं तिने पहिल्याच वर्षी ठरवलं होतं, ती घट्ट व्हायला वेळ लागला. वर्थिंग्टन यांना हे नुसतं वर्गात शिकवून भागलं नाही. 1996 च्या नववर्षाच्या सुमारास त्यांच्या वृद्ध आईचा घरात घुसलेल्या चोराने खून केला. क्षमेवर त्यांचं काम तोवर सुरू झालेलं होतं. तरी आधी मनात आलं ते मारेकऱ्याला ठेचून काढायचंच, हे त्यांनी लपवलेलं नाही.

वेळेचा अंदाज यावा म्हणून आणखी एक. विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एनराइट आणि त्यांच्या सहकारी सुझान फ्रीडमन यांनी लहानपणी घरातल्याच माणसाकडून अत्याचार झालेल्या 12 स्त्रियांबरोबर क्षमेचं काम केलं. 1996 मध्ये ते प्रसिद्ध झालं. दर आठवड्याला एकेकीला स्वतंत्र भेटून, आणि तरी सरासरी 14 महिने लागले. तुम्ही स्वतःला किती दिले? पत्रावरून वाटतं, सप्ताहाची काल्याची पंगत उठल्यापासून आजपर्यंत.

आता तुमच्या झोपेकडे येतो. पत्रात एक वाक्य आहे: रात्री अडीचला जाग येते, मनातल्या मनात नानाशी भांडण सुरू होतं, आणि दर वेळी मीच जिंकतो. हे वाचून मला हसू आलं, माफ करा, पण हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलं आहे. मनातल्या कोर्टात कुणीच हरत नाही, म्हणून तर तारीख पडत राहते. याला आम्ही रवंथ म्हणतो. गाय रवंथ करते तेव्हा चारा पचतो तरी. सुझन नोलन-होक्सीमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच सवयीचा अभ्यास केला. जो माणूस दुःखाच्या कारणांभोवती असा फिरत राहतो त्याची उदासी अधिक खोल जाते आणि अधिक टिकते, हे त्यांनी दाखवलं. आणि 'एकदाची भडास काढून टाक' हा सल्लाही फारसा कामाचा नाही. ज्याचा राग आलाय त्याला डोळ्यांसमोर आणून पिशवीवर ठोसे मारायला लावले, तर राग वाढतो, असं ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात दिसलं. बांधावर उभं राहून दिलेल्या शिव्यांचंही तेच. घरी येईपर्यंत पुढच्या शिव्या तयार.

बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ मिखाएल लिंडेन यांनी 2003 मध्ये एका विशिष्ट कडवटपणाचं वर्णन केलं. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडच्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या, आयुष्यभराचे हुद्दे कवडीमोल झाले. त्यांच्यात त्यांना अशी माणसं भेटली की जी सरसकट खचलेली नव्हती. एक घटना, तीही अन्यायाची वाटणारी, आणि तिचा विषय निघाला की कालच घडल्यासारखा चेहरा. विषय बदलला की माणूस हसूही शकतो. त्यांनी याला स्वतंत्र आजाराचं नाव दिलं. त्या नावाबद्दल वाद आहे, वर्णनाबद्दल मला तरी नाही. ते वर्णन आमच्या बाकावर दर आठवड्याला येऊन बसतं. दुधाच्या भावाबद्दल छान बोलतं, आणि 'नाना' म्हटलं की त्याची मान ताठ होते.

आपल्याकडे सालदार अखाजीला लागतो आणि पुढच्या अखाजीला त्याचं साल संपतं. त्याला ठरलेले पैसे मिळतात, धान्य मिळतं. तुम्ही वर्षभर नानाकडे बिनपगारी राबताय, तेही रात्रपाळीने, आणि मालकाला पत्ताही नाही. म्हणून पहिला गृहपाठ हा: आठ दिवस फक्त मोजा. नाना डोक्यात किती वेळ होता, ते रोज झोपताना अंदाजाने कॅलेंडरवर लिहायचं, दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत. तो विचार थांबवायचा प्रयत्न करू नका, तो थांबत नाही. नुसते तास लिहा. एका गृहस्थांनी मला आठवड्याचे 31 तास लिहून आणले होते आणि म्हणाले, एवढ्यात माझी निंदणी झाली असती.

दुसरं, हिशोब वेगळे करा. तुमच्या पत्रात वादळ, नाना, विहीर आणि केळीचा भाव सगळं एकाच ढिगात पडलं आहे. वादळ नानाने आणलं नाही. त्याची बाग वाचली, हा त्याचा गुन्हा नाही. वाऱ्याचा पट्टा कसा फिरतो, एका गटातली खोडं झोपतात आणि शेजारच्यातली उभी राहतात, हे रावेर-यावलच्या माणसाला मी काय सांगू. पाण्याची पाळी मोडली, ते नक्की त्याचं. वाटणी तोंडी ठेवली, ते दोघांचं. हे वेगवेगळं मांडलं की नानाच्या खात्यावर जे उरतं ते कमी नसतं, पण मोजता येतं. मोजता येणारी गोष्टच माफ करता येते. 'त्याने माझं आयुष्य वाटोळं केलं' एवढ्या मोठ्या रकमेला कुठून सूट देणार?

आणि माझा अंदाज सांगतो, चुकला तर सोडून द्या. खरी जखम विहिरीची नाही. नाना बघायला आला नाही, ही आहे. चार पानांत ते वाक्य तीनदा आलं आहे, दोनदा खाडाखोड करून. पाण्याचा निवाडा कोर्ट देईल. 'बाग झोपली तेव्हा तू बांध ओलांडून का आला नाहीस' याचा निवाडा कोणतंच कोर्ट देत नाही. त्याबद्दल लिहा. जेम्स पेनबेकर यांनी 1986 मध्ये वापरलेली साधी पद्धत आहे: लागोपाठ चार दिवस, रोज 15 मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर न करता, सगळ्यात खोल गेलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. लिहिताना त्रास होतो, पहिल्या दिवशी तर जास्तच होतो, हे सांगून ठेवतो. हवं तर त्यात नानाला उद्देशून लिहा, पण पाठवू नका. अशी पाठवलेली पत्रं मी वाचली आहेत. फार क्वचित भलं झालं.

आता आभार कुणाचे मानायचे ते बघू. पडलेल्या बागेचे नाहीत. बाग पडली ती वाईटच गोष्ट आहे, आणि तिला 'त्यातही काहीतरी चांगलं असेल' असं म्हणायला लावणारा माणूस मलाही आवडत नाही. 'तुझ्यापेक्षा वाईट किती लोकांचं झालं बघ' हेही मी माझ्या खोलीत कुणाला म्हणू देत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर आपलं समाधान कशाला उभं करायचं?

पण तुमच्याच पत्राकडे बघा. चार पानांतली तीन पानं नाना आहे. तिसऱ्या पानाच्या तळाशी दीड ओळ आहे: वादळाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवारातले दोघे कोयते घेऊन न सांगता आले, तीन दिवस पडलेली खोडं कापून बाजूला केली, चहाशिवाय काही घेतलं नाही. एवढंच. त्यांची नावंही नाहीत. ते कोण, त्यांचं स्वतःचं किती नुकसान झालं होतं, ते तीन दिवस त्यांची कामं कुणी केली, काहीच नाही. तुमच्या वहीत उधारीच्या नोंदी आहेत, जमेच्या गाळल्या आहेत. हिशोब खोटा तिथून होतो. कृतज्ञता म्हणजे मी एवढंच मागतोय, की राहिलेल्या नोंदी भरा. नानाची नोंद खोडा असं म्हणतच नाहीये.

भाच्याने पाठवलं ते अगदीच वाऱ्यावरचं नाही. एमन्स आणि मॅककलो यांच्या 2003 च्या अभ्यासात काही जणांनी 10 आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल बरं वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आयुष्य जरा बरं वाटू लागलं. पुढच्या अभ्यासांनी या फरकावर बरंच पाणी ओतलं आहे, तो बेताचाच असतो, हे खरं. रोज लिहिलं की ते शाळेतल्या शुद्धलेखनासारखं होतं. 'सूर्य, पाणी, कुटुंब' असं लिहून माणूस मोकळा होतो. म्हणून आठवड्यातून एकदा लिहा, बाजाराच्या दिवशी म्हणा, आणि अट अशी की माणसाचं नाव हवं आणि त्याने काय केलं ते हवं. 'शेजारी चांगले आहेत' चालणार नाही. 'अमक्याने स्वतःचा बैल मोकळा ठेवून माझं खोड ओढलं' असं हवं. आणि जमलं तर त्या दोघांकडे जाऊन या. काही बोलायची गरज नाही, आपल्याकडे आभार तोंडावर मानले की माणूस उलट संकोचतो. पिलबागेचा पहिला घड उतरला की त्यांच्या ओट्यावर ठेवून या. खोडं झोपली तरी कंद राहिले आणि तुम्ही पिलं धरलीत, हे तुम्ही दुसऱ्याच पानावर कंसात लिहून टाकलंय. तेही कंसातच!

माफ केलं म्हणजे पूर्ववत जाणं-येणं सुरू झालंच पाहिजे, असं नाही. माफी तुम्ही एकट्याने करू शकता, समेटाला दोघं लागतात आणि नानाने त्याचा भाग करायला हवा. त्याने केला नाही तर तुमची माफी फुकट जात नाही, फक्त विहिरीवर कुलूप दोन किल्ल्यांचं ठेवायचं. आणि जिथे मारहाण चालू आहे, छळ चालू आहे, तिथे आधी तो थांबवायचा, सुरक्षित जागा गाठायची. सासरी मार खाणाऱ्या बाईला क्षमेचे फायदे सांगणारे समुपदेशक मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल माझी मूठ अजून सैलच आहे.

एक गोष्ट मात्र मला काळजीची वाटते आणि ती गोड बोलून सांगण्यात अर्थ नाही. पहाटेच्या आधी जाग, जेवणावरून मन उडालेलं, आणि 'आता कशातच राम नाही' हे दोनदा लिहिलेलं, हे नुसत्या कडवटपणाचं लक्षण नसू शकतं. नैराश्यात माणसाला ना माफ करता येतं, ना आभार मानता येतात, आणि वर आपण कृतघ्न आहोत असं वाटून तो स्वतःलाच खातो. तो दोष नव्हे, आजार असतो आणि त्याला औषध आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना एकदा दाखवा. 14416 हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या आजारांसाठीचा मदत क्रमांक आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलतात. रात्री अडीचला नानाशी भांडण्यापेक्षा तिथे फोन लावा. मरणाचे विचार येत असतील तर आजच वहिनींना स्पष्ट सांगा आणि फवारणीची औषधं घरातून हलवा, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. असे विचार आले म्हणून तुम्ही वेडे ठरत नाही, पण ते एकट्याने सांभाळायचे नसतात.

एवढं सगळं लिहिलंत, पण तुमच्या कुळाची कानबाई कुणाच्या घरी बसते ते लिहिलं नाही. तुमच्याकडे की नानाकडे? आणि गेल्या श्रावणात रोटाला कोण कोण होतं? पुढच्या पत्रात कळवा. मोजणीचा अर्ज मात्र श्रावणाची वाट न बघता टाकून द्या.